हललं की बाबा जातो

भिंगरीचं नाव तिच्या बापाने ठेवलं, तेही तोंडाने नव्हे, हाताने. तर्जनी वर करून गरागरा फिरवली की समजायचं, ही बया. पाळण्यातसुद्धा ती क्षणभर स्वस्थ पडत नसे, म्हणून ही खूण. घरातल्या बोलणाऱ्यांनी पुढे त्या खुणेला शब्द दिला आणि तोच चिकटला. जन्माच्या दाखल्यावर वेगळं काहीतरी आहे, पण ते फक्त दाखल्यालाच ठाऊक.

बापाला जन्मापासून ऐकू येत नाही. म्हणून तो अबोल वगैरे असेल, असं मात्र कोणी समजू नये. हातांनी हा माणूस इतका बडबड्या, की जेवताना बायको मुद्दाम त्याच्या एका हातात चमचा आणि दुसऱ्यात पेला द्यायची, तेव्हा कुठे घरात जरा शांतता व्हायची. भिंगरी बापावर गेली होती. तोंडाने बोलायच्या आधी ती खुणा करायला लागली. बापलेकीच्या गप्पा रंगल्या की बाकीच्यांनी गुमान बाजूला व्हावं, एवढंच हाती उरायचं.

ही गोष्ट मात्र तिच्या आत्याची आहे, म्हणजे त्या बडबड्या माणसाच्या धाकट्या बहिणीची. तिला ऑफिसातही आत्याच म्हणत, कारण एकदा अख्ख्या टीमची मीटिंग चालू असताना भिंगरी मध्येच पडद्यात घुसून 'आत्या, मला शी आली' असं जाहीर करून गेली होती. त्यानंतर आत्याला दुसरं नाव उरलं नाही.

आत्याची टीम काय बनवते हे घरात कोणालाच नीट कळलेलं नव्हतं, आणि त्यात घरच्यांचा काही दोष नाही. फोनवरून आवाज, चित्र, निरोप पाठवणारी ॲपं जे लोक बनवतात, ते पोचवण्याचं काम स्वतः करत बसत नाहीत. ते एक तयार लायब्ररी, म्हणजे आयत्या लिहिलेल्या कोडचा संच, घेतात आणि तिला सांगतात, बाई गं, एवढं पोचव. ती लायब्ररी आत्याची टीम बनवायची. जे पाठवायचं त्याचे आधी तुकडे करावे लागतात आणि ते पाकिटांत भरावे लागतात. एक पाकीट केवढं असावं, यासाठी लायब्ररीत एक सेटिंग होतं. ज्याला हवं त्याने बदलावं; नाही बदललं, तर टीमने आधीच भरून ठेवलेला आकडा चालायचा. यालाच डिफॉल्ट म्हणतात. तो आकडा होता चौदाशे बहात्तर बाइट. ऑफिसच्या जाळ्यातून त्याहून मोठं पाकीट अखंड जात नाही, म्हणून नेमकं तेवढं, काठोकाठ. पाकीट मोठं असलं की पाकिटं कमी लागतात आणि काम वेगात होतं. टीमला या वेगाचं भारी कौतुक होतं.

तर झालं असं, की आत्याच्या दादाला, म्हणजे भिंगरीच्या बापाला, डोंगरावरच्या हवामान केंद्रात नोकरी लागली. वारा मोजणारी, पाऊस मोजणारी यंत्रं तिथे असतात आणि ती सारखी बिघडतात. मुलाखतीला दादाबरोबर कोणी गेलं नव्हतं, त्याच्यासाठी कोणी शब्द टाकला नव्हता. समोर ठेवलेलं बंद यंत्र त्याने उघडलं, चालू केलं, आणि नोकरी खिशात घालून घरी आला. त्या संध्याकाळी तो इतका बोलला की त्याची मनगटं दुखायला लागली. आत्याने त्याला एवढं खूश कधी पाहिलं नव्हतं.

अडचण एकच होती. डोंगरावरून घरी येणं जमणार ते दोन-तीन महिन्यांतून एकदा. पण व्हिडिओ कॉल होता ना! केंद्राच्या जाळ्यावर फक्त एकच मंजूर ॲप चालायचं, आणि ते आत्याच्याच लायब्ररीवर उभं होतं. 'म्हणजे घरचंच काम आहे,' असं ती वहिनीला छाती फुगवून म्हणाली होती.

पहिल्याच कॉलला घोडं अडलं. 'जोडले गेले' असं फोन म्हणाला. पलीकडून वारा ऐकू आला, खुर्ची सरकली, कोणीतरी पेला ठेवला. चित्र मात्र आलं नाही, नुसता करडा चौकोन. दुसऱ्या कुठल्या घरात लोक म्हणाले असते, असू दे, आवाज तर येतोय. या घरात त्या आवाजाचं काय लोणचं घालायचं होतं?

आत्या घरातली तज्ज्ञ. मग तज्ज्ञ लोक जे करतात तेच तिने केलं, समोरच्याला दोष दिला. दादा, कॅमेरा पूस. दादा, खिडकीकडे पाठ करू नकोस. दादा, फोन जुना झालाय तुझा. तिने नवा फोन पाठवला. दादाने एकेक सल्ला इमानेइतबारे पाळला आणि दर वेळी खाली लिहिलं, 'झालं. आता?' असे लेखी निरोप मात्र बिनबोभाट पोचायचे.

शेवटी दादाने स्वतःच एक युक्ती शोधून काढली. पांढऱ्या भिंतीला टेकून बसायचं, दिवा अगदी मंद करायचा आणि हलायचं नाही. मग हळूहळू, धूसर का होईना, त्याचा चेहरा पडद्यावर उमटायचा. पण त्याने हात उचलला की चित्र गोठलंच. म्हणजे बाप दिसायचा, पण गप्प असेल तरच. या माणसाला एवढी मोठी शिक्षा कोणी शत्रूनेही सुचवली नसती.

आणि मग एका सकाळी आत्याच्या फोनवर त्याचा निरोप आला. 'महिनाअखेर राजीनामा देतोय. मागच्या वेळी घरी आलो तेव्हा पोरगी माझ्याशी खुणांनी बोलेना. आईला विचारायची, बाबा काय म्हणतो. माझी मुलगी दुभाषा लावून माझ्याशी बोलणार असेल, तर मला यंत्रं दुरुस्त करून काय करायचंय?'

आत्याने तो निरोप पुन्हा पहिल्यापासून वाचला. दादा असं कधी लिहायचा नाही.

रविवारी ती त्यांच्या घरी गेली. वहिनी चष्म्याच्या दुकानात कामाला होती, तिला रविवारीच काय ती उसंत. दार उघडताच ओठांवर बोट ठेवून ती म्हणाली, "हळू. बाबाशी बोलतेय ती."

आत्याने आत डोकावलं आणि तिला आधी कळेचना की आपण काय पाहतोय. भिंगरी खुर्चीत बसली होती. नुसती बसली होती! पाठ ताठ, दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबलेले, पापणीसुद्धा मोठ्या कष्टाने लववत. समोर फोन टेकवलेला आणि त्यात दादाचा धूसर चेहरा, तोही तितकाच स्तब्ध. दोघं एकमेकांकडे बघत होते.

"हे काय चाललंय?" आत्याने कुजबुजत विचारलं.

"असंच बोलतात हल्ली," वहिनी म्हणाली. "मी नाही शिकवलं गं. तिचं तिनेच ठरवलं."

कॉल संपल्यावर भिंगरीने हात सोडवले आणि घरभर चार गिरक्या घेतल्या, जणू मघापासून साठवून ठेवल्या होत्या. आत्याने तिला धरून जवळ घेतलं.

"काय गं, बाबाशी खुणांनी का नाही बोललीस?"

"हललं की बाबा जातो," भिंगरी म्हणाली. एवढं साधं या बाईला कसं माहीत नाही, असा तिचा चेहरा होता.

आत्या तिथेच जमिनीवर बसली. तिला रडू येत होतं, आणि त्या रडण्याच्या आतून दुसरंच काहीतरी वर येत होतं. हललं की जातो. हललं नाही की राहतो. हा काही कॅमेऱ्याचा दोष नव्हे. चित्र पाठवताना दर वेळी अख्खं चित्र जात नाही. आधीच्यात जेवढं बदललं तेवढंच जातं. माणूस स्थिर आणि उजेड मंद असला की पाठवायला फारसं काही नसतं, पाकीट लहान राहतं. हात हलले की बदल मोठा, पाकिटं गच्च भरतात. आवाजाचं पाकीट नेहमीच लहान, निरोपाचंही लहान. म्हणजे डोंगरावर जाता-येता लहान पाकिटं पोचत होती आणि मोठी वाटेत नाहीशी होत होती. इतके दिवस ती दादाला कॅमेरा पुसायला लावत होती आणि चूक तिच्या स्वतःच्या टीमच्या आकड्यात बसली होती.

सोमवारी तिने खोदून पाहिलं तेव्हा घोडं कुठे पेंड खातंय ते कळलं. डोंगराच्या जाण्या-येण्याच्या वाटेवर, उपग्रहाकडे निघण्याआधी, केंद्राने सुरक्षिततेसाठी प्रत्येक पाकिटावर आणखी एक वेष्टण चढवायची सोय केली होती. दाराच्या मापाचं कपाट मागवावं आणि दुकानदाराने ते खोक्यासकट पाठवावं, तसा प्रकार. दारात अडत होतं ते खोकं. बरं, अडलं तर अडलं, तसा उलटा निरोप तरी यायला हवा. पण सुरक्षिततेच्याच नावाखाली तो निरोपही कोणा शहाण्याने बंद करून ठेवला होता. ॲपवाल्यांना विचारलं तर ते अगदी सभ्यपणे म्हणाले, "आम्ही त्या आकड्याला हातच लावलेला नाही, तुमचा आहे तसा वापरतो. तुम्ही बदललात की आमच्याकडे आपोआप बदलेल."

आता गाठ मास्तरांशी होती. मास्तर म्हणजे टीमचे प्रमुख. साधा चहा सांगायचा असला तरी फळ्यावर आकृती काढणारे, म्हणून मास्तर. माणूस सोन्यासारखा, पण वेगाच्या बाबतीत हट्टी. नवी आवृत्ती त्याच आठवड्यात पक्की व्हायची होती, त्यानंतर तिच्यात बदल चालणार नव्हता, आणि वेगाचा नवा आकडा त्यांनी वरपर्यंत सांगून ठेवला होता. या आवृत्तीत बदल गेला नसता तर पुढची येईपर्यंत दादाची खुर्ची रिकामी झालेली असती.

"चौदाशे बहात्तरचे बाराशे?" मास्तरांनी नाक मुरडलं. "आत्या, अगं सगळ्या जगाचा वेग कमी करायचा, तो एका डोंगरासाठी?"

"एकाच डोंगरासाठी नाही, मास्तर. जिथे जिथे पाकिटावर वेष्टण चढतं तिथे हेच होत असणार."

"मग तिथल्यांनी सेटिंग बदलावं. त्यासाठीच तर दिलंय की आपण! शिवाय आपली चाचणी बघ, डोंगराच्या जोडणीवरही हिरवी आहे."

हिरवी होतीच. कॉल जोडला गेला आणि दोन्हीकडून आवाज पोचला, की चाचणीच्या लेखी काम फत्ते. चित्र हलतं का, हे पाहायचं कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. सगळे ऐकू येणारे लोक बसले होते ना तिथे.

आत्याने वाद घातला नाही. तिने दोन खोल्यांच्या मध्ये एक जुना संगणक लावला आणि त्याला सांगून ठेवलं, मोठं पाकीट आलं की गिळून टाक आणि तोंड मिटून बस. मग तिने मास्तरांना पलीकडच्या छोट्या खोलीत एकटं बसवलं, कॉल लावला, आवाज बंद केला आणि लिहून पाठवलं, 'आज सकाळी घरून निघताना काय काय झालं, ते हातांनी सांगा.'

मास्तरांना अशा गोष्टींची हौस. त्यांनी जोरात हातवारे सुरू केल्याचं काचेच्या दारातून दिसत होतं. आत्याच्या पडद्यावर मात्र करडा चौकोन.

'दिसत नाही,' तिने लिहिलं.

मास्तर फोनच्या जवळ सरकले. हातवारे मोठे झाले.

'नाही दिसत.'

मास्तर उभे राहिले, दिवा लावला, पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगू लागले. मग वैतागून फोन उचलून त्यांनी काहीतरी केलं आणि परत ठेवला.

'दिवा मंद करा. भिंतीला टेका. अजिबात हलू नका,' आत्याने लिहिलं.

मास्तर फोटो काढायला बसल्यासारखे बसले. हळूहळू त्यांचा चेहरा पडद्यावर उमटला, भांबावलेला. 'आता दिसताय. सांगा.' त्यांनी हात उचलला आणि चित्र थिजलं. त्यांनी हात खाली घेतला. पुन्हा उचलला. असं त्यांनी किती वेळा केलं कोण जाणे.

बाहेर आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा फळा पुसून कोरा झाला होता.

"चाचणी काय म्हणते?" त्यांनी विचारलं.

"हिरवी."

"पण सेटिंग बदललं असतं तर..."

"बदलणार कोण, मास्तर? तुम्ही आत होतात. हा आकडा तुम्ही स्वतः बसवलाय. तरी तुमच्या मनात आलं का, की पाकीट मोठं आहे म्हणून?" आत्या म्हणाली. "तुम्ही कॅमेरा पुसलात."

मास्तरांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. रुमाल अजून हातातच होता. त्यांनी तो खिशात ठेवला.

"माझा दादा कितीतरी दिवस कॅमेराच पुसतोय," आत्या म्हणाली आणि डोळे पुसू लागली. मास्तरांनी तिला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि फळ्याकडे वळून एक आकृती काढायला घेतली. ते त्यांचं सांत्वन होतं.

पण आकृती कामाची निघाली. सुरुवात बाराशेने करायची, कारण एवढं पाकीट वेष्टण चढवूनही जवळजवळ सगळ्या दारांतून जातं. मग थोडं मोठं, आत काहीही नसलेलं पाकीट पाठवून विचारायचं, पोचलं का? पोचल्याची पावती आली तर आकार वाढवायचा. नाही आली, तर गमावलं काय? रिकामं पाकीट. ज्यांच्या तारा रुंद आहेत त्यांना वेग थोडा उशिरा मिळेल, पण मिळेल. आणि ज्यांच्या अरुंद आहेत त्यांचं बोलणं तरी अडणार नाही. एकदा पटल्यावर मास्तर स्वतःच हट्टाला पेटले. कोणी हाताने मोठा आकडा घातला आणि पाकिटं अडायला लागली, तर लायब्ररीने गप्प न बसता त्याला स्पष्ट सांगायचं, ही भर त्यांची. चित्र हलल्याशिवाय चाचणी हिरवी होणार नाही, ही टीमची. वर सांगून ठेवलेल्या वेगाच्या आकड्याचं काय, असं कोणीतरी विचारलं. "मी बोलतो त्यांच्याशी," मास्तर म्हणाले, आणि जाऊन खरंच बोलून आले. काय बोलणी खाल्ली ते त्यांनी सांगितलं नाही, पण दिवसभर त्यांनी फळ्याला हात लावला नाही.

आवृत्ती बाहेर पडली. ॲपवाल्यांनी ती घेतली, डोंगरावर पोचली. महिना संपत आला होता. आत्याने दादाला निरोप धाडला, 'आज संध्याकाळी फोन कर. दिवा लख्ख लाव. आणि हल.'

'नक्की?' दादाने लिहिलं.

तिला नक्की माहीत नव्हतं. ऑफिसातल्या खोलीत चाललं होतं, पण ऑफिसात तर चौदाशे बहात्तरही चालत होतं. तिने लिहिलं, 'नक्की.'

संध्याकाळी भिंगरी आपल्या खुर्चीत जाऊन बसली, सवयीने हात मांड्यांखाली घालून. वहिनी मागे उभी राहिली. आत्याला तर पडद्याकडे बघवेना. फोन वाजला आणि चित्र आलं, स्वच्छ. दादाच्या मागे भिंतीवर टांगलेली हत्यारंसुद्धा ओळखू येत होती. दादा थोडा वेळ तसाच बसला, एखाद्या भित्र्या मांजरासारखा. मग त्याने दोन्ही हात वर आणले.

"बाबा हलला!" भिंगरी किंचाळली आणि तिने डोळे गच्च मिटून घेतले. "आई, बाबा हलला, आता जाणार!"

"डोळे उघड," वहिनी म्हणाली. "उघड गं राणी, बघ तरी."

भिंगरीने एक डोळा उघडला. बाबा गेला नव्हता. बाबा बोलत होता. इतक्या दिवसांचं तुंबलेलं बोलणं त्याच्या दहा बोटांतून धो धो बाहेर पडत होतं. पाऊस मोजायच्या यंत्राच्या खोक्यात मांजरीने पिल्लं घातली आहेत, खोक्याचं झाकण लावता येत नाही, म्हणून पावसाचं मोजमाप सध्या बंद, आणि साहेबांनी विचारलं तर काय सांगायचं, हा मोठा प्रश्न आहे. वहिनी हसत होती आणि डोळे पुसत होती. आत्याचा जीव भांड्यात पडला. इतकं रिकामटेकडं बोलणं ऐकून, म्हणजे पाहून, तिला आयुष्यात कधी एवढा आनंद झाला नव्हता.

भिंगरीचे हात हळूच बाहेर आले. तिने गालाशी मूठ नेऊन काहीतरी केलं.

दादा थांबला. त्याने मान हलवली. मांजर अशी नाही करायची. मिशा बोटांनी ओढायच्या, अशा.

भिंगरीने पुन्हा मूठच केली.

अशा, दादाने दाखवलं.

तिने दोन्ही मुठी केल्या, जोरात, आणि बापाकडे बोट दाखवून हात उलटा फिरवला. तुझंच चुकतंय, ही खूण तिला बरोबर आठवत होती. दादाने डोळे मोठे केले. तिने त्याहून मोठे केले. मग दोघांचे हात असे काही चालले की आत्याला त्यातलं निम्मंसुद्धा टिपता येईना. वहिनीने मध्येच हात घालून दादाला विचारलं, राजीनाम्याचं काय? त्याने तिच्याकडे नीट पाहिलंही नाही. कसला राजीनामा, त्याने एका हाताने झटकलं, आधी हिला मांजर शिकवू दे.

हे भिंगरीला काही पसंत पडलं नाही. तिने बापाला शेवटचं काहीतरी खरमरीत सुनावलं, फोन उचलला, लाल बटण दाबलं, तो टेबलावर पालथा घातला आणि हाताची घडी घालून बसली. कॉल बंद झाला. ज्यासाठी एवढी उरस्फोड झाली, ते बोलणं बाईसाहेबांनी आपल्या हाताने संपवलं.

लगेच फोन थरथरायला लागला. आत्या उचलायला पुढे झाली, पण वहिनीने तिचा हात धरला.

"उचलायचा नाही," भिंगरी म्हणाली. "मी रागावलेय. थांबू दे त्याला जरा."